वैमानिकाची पारख : एक मानसशास्त्रीय विचार

(द्वितीय वर्ष, कला)

मानसशास्त्राच्या अभ्यासक्रमात 'चाचण्या' हे प्रकरण आले, की विश्वसनीयता म्हणजे काय, सप्रमाणता म्हणजे काय, प्रमाणीकरण कशाला म्हणतात हे सारे आपण पाठ करतो. चार ओळी आणि चार गुण. या शब्दांच्या मागे कुणाचे तरी भवितव्य उभे असते, हे मात्र पुस्तकात दिसत नाही. म्हणून प्रस्तुत लेखासाठी मी लष्करी वैमानिकांच्या निवडीचे उदाहरण घेतले आहे. ते घेण्यास दोन कारणे आहेत. मानसशास्त्राची परीक्षा इथे जितकी कडक झाली, तितकी क्वचितच दुसरीकडे झाली असेल. कारण चाचणीने निवडलेला माणूस पुढे खरोखर विमान उडवतो की नाही, हे काही महिन्यांतच कळते. दुसरे कारण घरगुती आहे, ते पुढे येईलच.

पहिल्या महायुद्धात विमान हे नवे शस्त्र होते. उमेदवाराचे डोळे, कान, हृदय डॉक्टर तपासत आणि त्याला विमानात बसवत. शरीराने धडधाकट असलेली पुष्कळ मुले शिकता शिकताच कोसळू लागली, तेव्हा प्रश्न निघाला, की शरीराखेरीज आणखी काय तपासावे? फ्रान्समध्ये काम्यू आणि नेपेर या दोघांनी उमेदवाराचा प्रतिक्रिया काल मोजण्यास सुरुवात केली. दिवा लागला, आवाज झाला किंवा स्पर्श झाला, की हात किती वेळात हलतो, हे ते पाहत. एवढ्यावर ते थांबले नाहीत. उमेदवार बेसावध असताना जवळच पिस्तुलाचा बार काढायचा आणि हाताचा कंप, श्वास, नाडी यांत काय फरक पडतो तेही टिपायचे. इटलीत असेच काम आगोस्तिनो जेमेल्ली यांनी केले. हे गृहस्थ फ्रान्सिस्कन पंथाचे साधू होते आणि मानसशास्त्रज्ञही होते. साधूने वैमानिक निवडावेत ही गोष्ट वाचून मला गंमत वाटली.

या विषयाला खरे शास्त्राचे रूप आले ते दुसऱ्या महायुद्धात, अमेरिकेत. १९४१ साली जॉन फ्लॅनगन यांच्या नेतृत्वाखाली तेथील सैनिकी हवाई दलाने मानसशास्त्रीय कार्यक्रम सुरू केला. कागदावरच्या आणि यंत्रावरच्या अनेक चाचण्यांचे गुण एकत्र करून प्रत्येक उमेदवाराला १ ते ९ पैकी एक अंक दिला जाई. या मापनश्रेणीला 'स्टॅनाइन' म्हणतात. मग हे उमेदवार उड्डाणाच्या प्रशिक्षणाला जात, आणि शिक्षक त्यांच्यातले नालायक ठरलेले परत पाठवत. ज्यांचा अंक ९ होता त्यांच्यातले सुमारे ४ टक्के परत आले. ज्यांचा अंक १ होता त्यांच्यातले सुमारे ७७ टक्के परत आले. मधल्या अंकांचे लोक ओळीने मध्येच बसले. सप्रमाणता हा शब्द ज्याला समजत नसेल, त्याने हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून पाहावेत.

कुणी म्हणेल, की कमी अंकाच्या मुलांना शिक्षकांनी आधीच कमी लेखले नसेल कशावरून? आणि चाचणीत नापास झालेल्यांना तुम्ही पाठवतच नाही, मग ते उडू शकले नसते हे तरी कसे सिद्ध होणार? ही शंका अगदी रास्त आहे. आपल्याकडे कोणत्याही प्रवेश परीक्षेबद्दल ती विचारता येईल. ज्यांना प्रवेश मिळाला नाही ते काय करू शकले असते, हे कुणी तपासत नाही. अमेरिकेच्या हवाई दलाने मात्र १९४३ मध्ये ते तपासले. हजाराहून अधिक तरुणांच्या चाचण्या घेतल्या, आणि निकाल बाजूला ठेवून सगळ्यांना, पास झालेल्यांना आणि नापास झालेल्यांनाही, प्रशिक्षणाला पाठवून दिले. युद्ध ऐन भरात असताना विमाने, शिक्षक आणि पेट्रोल यांचा असा 'अपव्यय' करण्यास धैर्य लागते. चाचणीने ज्यांच्याबद्दल 'नको' म्हटले होते, त्यांच्यातले फारच थोडे वैमानिक झाले. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत प्रामाणिक प्रयोग होय.

या कार्यक्रमात जे. पी. गिलफर्ड हेही होते. त्यांचा बुद्धिरचनेचा सिद्धांत आपल्याला अभ्यासाला आहे. बुद्धी ही एकच शक्ती नसून ती अनेक वेगवेगळ्या क्षमतांची बनलेली आहे, या विचाराला वैमानिकांच्या चाचण्यांतून पुष्कळ सामग्री मिळाली. पुढे पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने (स्थापना १९६२) याच गिलफर्डच्या प्रतिमानावर आधारलेल्या चाचण्या आपल्या मुलांसाठी तयार केल्या. तेव्हा लढाऊ विमानांच्या गरजेतून निघालेला एक विचार सदाशिव पेठेतल्या शाळकरी मुलांपर्यंत येऊन पोचला, असे म्हणण्यास हरकत नाही.

आता आपल्या देशाकडे वळू. ब्रिटिशांनी १९४२ मध्ये आपल्या सैन्याधिकाऱ्यांच्या निवडीसाठी नवी मंडळे नेमली, आणि १९४३ मध्ये डेहराडून येथे त्याच धर्तीवर प्रायोगिक निवड मंडळ सुरू झाले. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये संरक्षण खात्यात मानसशास्त्रीय संशोधनाची शाखा निघाली. तिचीच आजची दिल्लीची संरक्षण मानसशास्त्रीय संशोधन संस्था झाली. आज हवाई दलात अधिकारी म्हणून जाऊ इच्छिणाऱ्याला लेखी परीक्षेनंतर डेहराडून, म्हैसूर, गांधीनगर, वाराणसी अशा ठिकाणच्या निवड मंडळापुढे जावे लागते. ही परीक्षा साधारण पाच दिवस चालते.

पहिल्या दिवशी चाळणी लागते. बुद्धिमापनाचे प्रश्न होतात आणि एक अस्पष्ट चित्र ३० सेकंद दाखवले जाते. त्यावर चार मिनिटांत गोष्ट लिहायची आणि मग गटात बसून चर्चा करायची. निम्म्याहून अधिक मुले पुष्कळदा त्याच संध्याकाळी बॅग उचलून स्टेशनवर येतात. जे राहतात त्यांच्यापुढे दुसऱ्या दिवशी मानसशास्त्रज्ञाच्या चाचण्या येतात : बारा चित्रांवर बारा गोष्टी (त्यातले शेवटचे चित्र म्हणजे कोरा पडदा), साठ शब्द दाखवून प्रत्येकी १५ सेकंदांत मनात येईल ते वाक्य, साठ प्रसंगांत तुम्ही काय कराल त्याची ३० मिनिटांत उत्तरे, आणि स्वतःबद्दलचा परिच्छेद. नंतर मैदानावरची गटकार्ये आणि मुलाखत. मानसशास्त्रज्ञ, मैदानावरचा अधिकारी आणि मुलाखत घेणारा अधिकारी हे तिघे आपापले मत स्वतंत्रपणे बनवतात व शेवटच्या दिवशी एकत्र बसतात. या पद्धतीचे वर्णन तिथे 'मनसा, वाचा, कर्मणा' या आपल्याच शब्दांत केले जाते. माणूस जो विचार करतो, जे बोलतो आणि जे करतो, त्यांत मेळ आहे की नाही ते पाहणे हा त्यामागचा हेतू.

वैमानिक होणाऱ्याला याखेरीज आणखी एक परीक्षा असते. तिला पूर्वी पी.ए.बी.टी. म्हणत. तिचा एक भाग कागदावरचा होता. होकायंत्र, उंचीमापक, वेगमापक, कृत्रिम क्षितिज ही विमानातली घड्याळे कशी वाचायची ते समजावून देत आणि लगेच त्यावर प्रश्न विचारत. दुसरा भाग यंत्रावरचा. पडद्यावर प्रकाशाचा ठिपका सतत निसटत असतो; उजव्या हातातला दांडा आणि पायांखालची पेडल यांनी त्याला चौकटीत धरून ठेवायचे, आणि त्याच वेळी मध्येच दिवा लागला किंवा भोंगा वाजला तर डाव्या हाताने तो बंद करायचा. २०१० नंतरच्या दशकात या जुन्या यंत्रांच्या जागी संगणकावरची नवी पद्धत आली. तिला सी.पी.एस.एस. म्हणतात. दिल्लीची वर सांगितलेली संस्था आणि संरक्षण संशोधन संघटनेचीच बंगलोरची एक प्रयोगशाळा यांनी मिळून ती तयार केली.

हे वर्णन वाचून अवघड वाटत असेल, तर आपल्या तालुक्यातले एक उदाहरण देते. उसाच्या हंगामात ट्रॅक्टरला जोडलेली भरलेली ट्रॉली मागे घेताना ज्यांनी पाहिली असेल, त्यांना हे चटकन समजेल. ट्रॉली डावीकडे न्यायची असेल तर स्टिअरिंग आधी उजवीकडे फिरवावे लागते, ती वळू लागली की लगेच उलटे घ्यावे लागते, आणि हे सगळे मागे मान वळवून, क्लचवर पाय ठेवून. माझे वडील हे काम बोलता बोलता करतात. माझा थोरला चुलतभाऊ दोन हंगाम ट्रॅक्टरवर होता, पण ट्रॉली मागे घ्यायची वेळ आली की तो खाली उतरून दुसऱ्याला हाक मारी. तो आमच्या घरात सर्वांत हुशार, गणितात तर विचारायला नको. डोळा, हात आणि पाय यांचा हा मेळ बुद्धिमत्तेहून निराळा असतो, हे गिलफर्डने सांगण्याआधी आमच्या वस्तीवर सर्वांना माहीत होते.

आता या लेखातला मुख्य मुद्दा. निवड मंडळापुढे नाकारला गेलेला उमेदवार वयात बसत असेल तर पुन्हा जाऊ शकतो. दोनदा, चारदा, कितीही वेळा. परंतु वैमानिकाच्या यंत्रचाचणीत जो एकदा अनुत्तीर्ण झाला, त्याला ती चाचणी जन्मात पुन्हा देता येत नाही. तो हवाई दलाच्या इतर शाखांत जाऊ शकेल, पण वैमानिक होणार नाही.

हा नियम मला प्रथम उलटा वाटला. आपण सामान्यतः असे समजतो, की स्वभाव बदलत नाही आणि हाताचे कौशल्य सरावाने येते. मग ज्या गोष्टीत सुधारणा होऊ शकते तिला एकच संधी, आणि जो बदलत नाही त्या स्वभावाची मात्र पुन्हा पुन्हा परीक्षा, हे कसे? विचार केल्यावर दोन्हींची कारणे दिसू लागली. यंत्राची चाचणी मोजते ती शिकण्याची गती. नवी, अनोळखी गोष्ट हाताला किती लवकर वळते, हेच वैमानिकाच्या बाबतीत पाहायचे असते. कारण प्रशिक्षणाचे तास मोजके असतात आणि तेवढ्या तासांत जो शिकला नाही त्याला परत पाठवतात. दुसऱ्यांदा चाचणी दिली तर ती गोष्ट नवी राहत नाही. मग गुण वाढतील, पण त्या गुणांचा अर्थ नाहीसा होईल. आपल्या प्रयोगशाळेत आरशात पाहून तारा गिरवण्याचा प्रयोग ज्यांनी केला आहे, त्यांना ठाऊक आहे की पहिल्या खेपेस पेन्सिल भलतीकडेच जाते आणि पाचव्या खेपेस सुतासारखी सरळ चालते. पाचव्या खेपेचा आकडा पाहून कुणाची पारख करायची म्हटली, तर ती होणार नाही.

व्यक्तिमत्त्वाच्या चाचणीला दुसरी संधी देऊन नियम करणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट न बोलता मान्य केली आहे, असे मला वाटते. ती ही, की पाच दिवसांत दिसलेला माणूस म्हणजे तो संपूर्ण माणूस नव्हे. वीस वर्षांचा मुलगा बाविसाव्या वर्षी निराळा असू शकतो. शिवाय मंडळाकडूनही माणूस हुकू शकतो. तेव्हा दोन्ही 'नाही' सारख्या वजनाचे नाहीत. यंत्राचा नकार जवळजवळ हातच्या रेषेसारखा धरावा. मंडळाचा नकार हा त्या आठवड्याचा नकार.

हा फरक आमच्या गावाला मात्र कळलेला नाही, आणि घरगुती कारण म्हणून मी जे म्हटले ते हेच. माझा मामेभाऊ विज्ञानाचा पदवीधर आहे. दोन वर्षांपूर्वी तो निवड मंडळापुढे गेला आणि पहिल्याच संध्याकाळी परतला. पडद्यावरचे चित्र त्याला विहिरीचे वाटले. गोष्टही त्याने बरी लिहिली होती. चर्चा सुरू झाली तेव्हा इतर मुले इंग्रजीत इतक्या वेगाने बोलू लागली, की आपले वाक्य मनात जुळेपर्यंत विषय पुढे गेलेला असे. दुसऱ्या खेपेस तो पाचही दिवस राहिला. पण निवडीच्या यादीत त्याचा क्रमांक आला नाही. यंत्राच्या चाचणीपर्यंत तो अद्याप पोचलेलाच नाही. गावात मात्र 'विमानाच्या परीक्षेत नापास' असा शिक्का बसला. मामी तर म्हणते, "आपल्या पोरांच्या डोक्याला ते झेपायचं नाही." डोक्याचा प्रश्नच कुठे होता, मामी? बुद्धिमापनाचा पेपर त्याने वेळेआधी संपवला होता.

इथे भाषेचा प्रश्न येतो आणि तो टाळून चालणार नाही. हेन्री मरे आणि क्रिस्तियाना मॉर्गन यांनी १९३५ मध्ये चित्रावरून गोष्ट रचण्याची जी चाचणी प्रसिद्ध केली, तिच्या मूळ संचातले पहिले चित्र व्हायोलिनकडे पाहत बसलेल्या मुलाचे आहे. आमच्याकडच्या दहा मुलांना ते चित्र दाखवले तर किती जणांना ते वाद्य ओळखता येईल? जो ओळखणार नाही त्याच्या गोष्टीवरून त्याच्या मनाविषयी काय निष्कर्ष काढणार? ही अडचण जाणत्यांनी ओळखली होती. उमा चौधरी यांनी या चाचणीचे भारतीय रूपांतर केले, आणि आपली निवड मंडळे स्वतःचीच चित्रे वापरतात. त्याही आधी, १९३० च्या दशकात, धारवाडचे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांची बुद्धिमापन चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी नव्याने तयार केली. ज्या मुलाला मापायचे त्याच्याच भाषेत आणि त्याच्याच जगातल्या वस्तू घेऊन मापायचे, हा धडा आपल्याच भागात इतक्या पूर्वी घालून दिलेला आहे. चित्रे बदलली ती त्याच कारणाने. चर्चेची भाषा मात्र बहुतेक इंग्रजीच राहिली.

याला दुसरी बाजू आहे, ती सांगणेही न्यायाचे होईल. आकाशातले संभाषण जगभर मुख्यतः इंग्रजीत चालते. वैमानिकाला नियंत्रण कक्षाचे शब्द एका क्षणात समजले पाहिजेत. तेव्हा इंग्रजी नको असे म्हणता येत नाही. माझे म्हणणे एवढेच, की इंग्रजी येणे ही शिकण्याची गोष्ट आहे आणि नेतृत्व किंवा धैर्य ही निराळी गोष्ट आहे; अडखळत बोलणारा मुलगा आत्मविश्वासहीन आहे असे निरीक्षकाला वाटले, तर एका गुणाचे माप दुसऱ्याच्या खात्यात पडते. सप्रमाणतेचा प्रश्न म्हणतात तो हाच. यंत्रचाचणीत ही भेसळ होण्यास वाव कमी. ठिपक्याला मुलगा कॉन्व्हेंटचा की जिल्हा परिषदेच्या शाळेचा ते समजत नाही. म्हणून खेड्यातल्या उमेदवाराला सर्वांत जास्त भीती वाटते त्या यंत्रापुढेच त्याला सर्वांत जास्त न्याय मिळण्याचा संभव आहे, असे माझे मत झाले आहे.

मंडळाच्या नकाराने माणूस संपत नाही याचा दाखला म्हणून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचे नाव घेता येईल. रामेश्वरमच्या नावाड्याच्या या मुलाला वैमानिक व्हायचे होते. डेहराडूनच्या मंडळापुढे २५ उमेदवारांत त्यांचा क्रमांक नववा लागला आणि जागा होत्या आठ. तिथे बुद्धीपेक्षा व्यक्तिमत्त्वावर अधिक भर होता, असे त्यांनी आपल्या आत्मचरित्रात नोंदवले आहे. पुढे ८ जून २००६ रोजी, राष्ट्रपती असताना, त्यांनी पुण्याच्या लोहगाव तळावरून सुखोई विमानात सहवैमानिकाच्या जागेवर बसून उड्डाण केले, तेव्हा ते ७४ वर्षांचे होते. ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते ती धीर देण्यासाठी. मला तिच्यात आठ आणि नऊ यांच्यातले अंतर दिसते. त्या दोन उमेदवारांच्या गुणांत कितीसा फरक असेल? प्रत्येक मापनात काही चूक असतेच असे आपले पुस्तक सांगते. पण यादीची रेघ कुठे तरी ओढावीच लागते.

आपल्या राज्याने या बाबतीत काही केले नाही असे नाही. देशातली पहिली सैनिकी शाळा १९६१ मध्ये साताऱ्यास निघाली. मराठी मुले राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत कमी दिसतात म्हणून १९७७ मध्ये शासनाने औरंगाबादेस (आता छत्रपती संभाजीनगर) सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था काढली. खडकवासल्याची प्रबोधिनी आपल्याच राज्यात असून मुले आपली नसावीत, ही खंत त्यामागे होती. २०२१ ते २०२४ या काळात हवाई दलाचे प्रमुख असलेले विवेक राम चौधरी हे नांदेड जिल्ह्यातले आणि खडकवासल्याचेच विद्यार्थी. मराठवाड्यातल्या मुलाच्या हाताला आकाश वर्ज्य नाही, हे निदान आमच्या मामींना सांगण्यास उपयोगी पडते.

मुलींविषयीही लिहायला हवे, कारण हा अंक वाचणाऱ्यांत आम्ही निम्म्या आहोत. स्त्रीचे मन लढाऊ विमानाला योग्य नाही, असे कित्येक वर्षे गृहीत धरले गेले. अमेरिकेत कृष्णवर्णीयांविषयी असेच म्हणत. पुढे टस्कगी येथे शिकलेल्या कृष्णवर्णीय वैमानिकांनी दुसऱ्या महायुद्धात युरोपच्या आकाशात काम करून दाखवले. आपल्याकडे १८ जून २०१६ रोजी अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंह या तिघी लढाऊ विमानांच्या शाखेत दाखल झाल्या, आणि २०२२ पासून राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत मुलींना प्रवेश मिळू लागला. यंत्रचाचणीत मुलींसाठी वेगळा ठिपका नाही.

शेवटी कला शाखेच्या बंधुभगिनींसाठी थोडी माहिती देते, कारण ती आपल्याला कुणी सांगत नाही. उड्डाण शाखेसाठी बारावीला गणित व पदार्थविज्ञान हे विषय घेतलेले असावे लागतात. म्हणजे ज्यांनी अकरावीलाच कला शाखा घेतली, त्यांना ते दार तेव्हाच बंद झाले. कोणत्याही चाचणीने ते बंद केलेले नाही. परंतु हवाई दलाच्या जमिनीवरील अतांत्रिक शाखांसाठी बी.ए. झालेल्यांना अर्ज करता येतो. त्यासाठी पदवीला ६० टक्के गुण लागतात आणि सामाईक लेखी परीक्षा द्यावी लागते. पुढे निवड मंडळाचे पाच दिवस तेच; यंत्रचाचणी तेवढी नाही. मानसशास्त्र घेऊन एम.ए. करणाऱ्यांसाठी आणखी एक वाट आहे. चित्रे, शब्द आणि प्रसंग तयार करणाऱ्या दिल्लीच्या त्या संस्थेत मानसशास्त्राचेच पदवीधर काम करतात. आमच्या मामेभावाचे वय यंदा तेवीस आहे. उड्डाण शाखेची वयोमर्यादा चोविसाची असल्यामुळे त्याला अजून एक खेप मिळेल. सध्या तो रोज संध्याकाळी कुर्डुवाडीला जातो आणि तिथल्या तीन मित्रांबरोबर स्टेशनच्या बाकावर बसून तासभर इंग्रजीत भांडतो.